ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक लहानशी किल्ली आहे. तिच्या डोक्याला पिवळा ऑइलपेंट फासलेला आहे आणि माझ्या घरातलं, ऑफिसातलं कुठलंही कुलूप तिनं उघडत नाही. चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर जुडगं ट्रेमध्ये ठेवावं लागतं. तिथल्या सिक्युरिटीवाल्यानं एकदा विचारलं, "मॅडम, ही पिवळी कशाची?" मी म्हटलं, "स्पोर्ट्स कारची." त्यानं माझ्या स्कूटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणानं विषय सोडून दिला.

किल्ली खरंच स्पोर्ट्स कारची आहे. म्हणजे गाडी माझी नाही, कुलूप माझं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला थेरगावच्या आमच्या घरमालकांनी शिकवलं.

परभणीहून नोकरीसाठी आले तेव्हा मी डांगे चौकाच्या आसपास खोली शोधत होते. घरमालक काय काय विचारतात ते एव्हाना मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, घरी कोण येणार-जाणार, मटण-मच्छी करता का. या काकांनी त्यातलं एकही विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "किल्ल्या हरवता का?"

मी नाही म्हटलं.

"आजपर्यंत एकदाही नाही?"

"बसचा पास हरवलाय एकदा."

"पासचं चालेल," ते म्हणाले आणि खोली दाखवायच्या आधी मला घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले.

शेडमध्ये ताडपत्री होती, ताडपत्रीखाली गोधडी, गोधडीखाली जुनी चादर आणि चादरीखाली ती. दुधी रंगाची, बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटांची गाडी. छप्पर कापडाचं, हवं तेव्हा मागं दुमडून ठेवता येणारं. असली गाडी मी सिनेमातच पाहिली होती, आणि तिथं तिच्यात बसलेली माणसं शेवटी दरीत जायची. काकांच्या कंपनीत मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्यानं ही मुंबईहून हौसेनं घेतली, ती बंद पडली आणि तो मायदेशी निघून गेला. गाडी कंपनीच्या भंगारात पडून होती. काकांनी ती तिथून आणली आणि कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली झोपून तिला चालती केली.

पण मला तिथं आणलं होतं ते गाडी दाखवायला नाही. त्यांनी दार उघडलं आणि बोट दाखवलं. स्टिअरिंगपासून क्लचच्या पायडलपर्यंत एक लोखंडी दांडा अडकवलेला होता. दांड्याच्या टोकाला चिमट्यासारखं एक पोलादी पान, त्या पानाला सहा भोकं, आणि त्यातल्या दोन भोकांत दोन कुलपं. एक लाल, एक हिरवं.

"याला खेकडा म्हणतात," काका म्हणाले. "लाल माझं, हिरवं आमच्या हिचं. तुम्ही राहायला आलात की तिसरं तुमचं. रंग कुठला आवडतो?"

मी पिवळा म्हटलं आणि खोली मला मिळाली.

हा खेकडा काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण काकांचं सगळं आयुष्य त्यात अडकलं होतं. ते भोसरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सचे फोरमन होते. मोठा प्रेस दुरुस्तीला काढला की आत हात घालून काम करणारा प्रत्येक माणूस मशीनच्या मेन स्विचला आपापलं कुलूप लावतो. चौघं आत असतील तर खेकड्यात चार कुलपं. काम झालं की ज्यानं त्यानं आपलं काढायचं, फोरमननं पहिलं लावायचं आणि सगळ्यांत शेवटी काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन चालू होऊच शकत नाही. डुप्लिकेट किल्ली नसते. शेजारी लाल कार्ड लटकवायचं: 'चालू करू नका. माणूस काम करत आहे.' आमच्या कंपनीतही हे आहेच, मी कितीदा पाहिलं होतं. पण रिटायर होताना लोक कंपनीतून शाल, घड्याळ, गणपतीची मूर्ती घेऊन घरी येतात. काका हा नियम घेऊन आले.

"एका माणसाची किल्ली चोरता येते," ते मला म्हणाले. "अख्खं घर कसं चोरणार?"

यातली गंमत अशी की त्या गाडीचं दार मात्र ते कधीच लॉक करत नसत. यावर त्यांचं एक छोटं व्याख्यान होतं आणि ते मी गॅसवाल्यापासून गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांना दिलेलं ऐकलं आहे. कापडी छपराच्या गाडीला लॉक लावणं हा शुद्ध गाढवपणा. चोराकडे ब्लेड असतं. दार लागलेलं दिसलं की तो छप्पर फाडणार, आत हात घालणार, काही नाही म्हणून निघून जाणार, आणि असलं छप्पर शिवून देणारा माणूस तुम्हाला पंचक्रोशीत मिळायचा नाही. म्हणून दार उघडं, पुढचा कप्पा उघडा आणि रिकामा. "चोराला आत येऊ द्यावं. बसू द्यावं. खात्री करून घेऊ द्यावी. फक्त गाडी नेऊ देऊ नये."

काकू ओट्यावर भाजी निवडत असायच्या. त्या मान वर न करता म्हणायच्या, "च्या पन ठिवा की त्याच्यासाठी."

काका कोकणातले, शुद्ध बोलणारे, शब्द मोजून वापरणारे. काकू मावळातल्या. त्यांना शब्दांची टंचाई कधी भासली नाही.

खेकड्यावर भागलं असतं तर काका काका कसले. बॉनेट उघडून ते इंजिनातला रोटर काढून घेत. अंगठ्याएवढा काळा तुकडा, पण तो नसेल तर गाडीला ठिणगी मिळत नाही. हा रोटर ते चष्म्याच्या डबीत ठेवत आणि डबी कायम शर्टाच्या खिशात. एकदा पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, "जवळचा चष्मा दाखवा." काकांनी डबी उघडून पुढं केली. डॉक्टरांनी तो काळा तुकडा उजेडात धरून पाहिला आणि फार हळू आवाजात मला विचारलं, "घरी कोण असतं यांच्यासोबत?"

मी काकांची बाजू घेऊन सगळं समजावून सांगितलं. रोटर, खेकडा, तीन कुलपं. माझं झाल्यावर डॉक्टर माझ्याकडेही तसंच बघायला लागले.

माणूस असो की जागा, काका पारख एकाच गोष्टीवरून करत: इथून गाडी चोरीला जाईल का. लग्नाला गेले की नवरा-नवरी बघायच्या आधी पार्किंगचं गेट बघणार. परतल्यावर काकूंनी विचारावं, कसं झालं लग्न, तर म्हणणार, "चांगलं झालं. बाहेर पडायला एकच रस्ता होता." एका सकाळी माझी स्कूटी जागेवर नव्हती. तिच्या जागी विटेखाली ते लाल कार्ड ठेवलेलं. मी धावत खाली गेले तर काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "किल्ली डिकीलाच होती," ते म्हणाले. "मी घेतली म्हणून मिळेल तरी." स्कूटी घरामागं तुळशीपाशी उभी होती आणि मी स्टॉपवर पोचेपर्यंत कंपनीची बस निघून गेली होती. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही, पण किल्ली त्यानंतर कधी विसरले नाही.

त्यांच्या मुलीची गोष्ट मला काकूंनी सांगितली. मुलगी आता नागपूरला असते. तिचंही कुलूप होतं, निळं. लग्न झालं, पाठवणीची वेळ झाली, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि काका गहिवरल्या आवाजात म्हणाले, "बाळ, जायच्या आधी तेवढं कुलूप काढून जा." शालू सावरत ती शेडमध्ये गेली, वाकून कुलूप काढलं आणि मग सासरच्या गाडीत बसली. जावयाला वाटलं, यांच्यात ही काही रीत असेल. त्यानं लांबून नमस्कार केला.

एवढ्या पहाऱ्यात त्या घरी चोरी किती वेळा झाली? माझ्या काळात एकदाच. काकांनी मागच्या चाकासाठी क्रेनची एक जाडजूड साखळी आणली होती. अधूनमधून ते तिला तेल पाजत आणि गच्चीच्या जिन्यावर वाळत ठेवत. एका दुपारी शेजारी काकूंचे पापड वाळत होते. चोर आला, त्यानं पापडांना हात लावला नाही, गाडीकडे पाहिलंही नाही, साखळी उचलून घेऊन गेला. भंगारात तिला वजनावर भाव असणार. काकांनी जिन्यावर राहिलेला तेलाचा डाग बोटानं पुसून पाहिला. शेवटी म्हणाले, "माणूस जाणकार होता."

रविवारी सकाळी गाडी सुरू करायचा कार्यक्रम असे. मी जांभया देत खाली येई, काकू हात पुसत येत. मी पिवळं काढायचं, काकूंनी हिरवं, मग काकांनी लाल. रोटर बसवला जाई, इंजिन खोकत खोकत सुरू होई, गल्लीतल्या कुत्र्यांना चेव येई. गाडी फाटकापर्यंत पुढं जाई आणि तेवढीच मागं येई. मग काकांचं लाल, काकूंचं हिरवं, माझं पिवळं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तिला डांगे चौकापर्यंत नेऊन आणत. एवढंच.

"काका, लांब का नेत नाही कधी?" मी सुरुवातीला एकदा विचारलं.

"नेता येईल," ते म्हणाले. "पण तिथं लावायची कुठं?"

एकदा ते एका मित्राला घेऊन लोणावळ्याला गेले होते म्हणे. तिथं पोचल्यावर गाडी सोडवेना. मित्रानं वडापाव आणून दिला, दोघांनी गाडीतच खाल्ला आणि लोणावळ्याला पाय न लावता परत आले.

या सगळ्यात काकूंचं एक मागणं राहून गेलं होतं. त्यांचं माहेर इंदोरीच्या पुढं, इंद्रायणीच्या काठाला. थेरगावहून तासाभराचा रस्ता. गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी काकांनी त्यांना कबूल केलं होतं, पहिली मोठी चक्कर तुझ्या माहेरी. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. आता तिची मुलगी शाळेत जात होती आणि लोणावळा झालं तरी माहेरची चक्कर अजून व्हायचीच होती. भाऊबीजेला काकू दरवर्षी बसनं जात, आणि दरवर्षी त्यांची वहिनी दारातच विचारी, "वन्सं, गाडी पंक्चरच हाय व्हय अजून?"

"हसत म्हनती ती," काकू मला सांगत. "पन सगळ्यांम्होरं म्हनती."

काकांकडे प्रत्येक वेळी कारण तयार असे. तिथं कोंबड्या छपरावर बसतील. तिथं पोरं हॉर्न वाजवतील. तुझ्या भावाच्या गोठ्याला दार नाही. काकू ऐकून घेत. पण रविवारी कुलूप परत लावताना त्या ते जरा जोरात दाबत, असं मला वाटायचं.

खंडेनवमीला काका पाटावर खेकडा, किल्ल्या आणि रोटर मांडत, झेंडूची फुलं वाहत आणि आम्हा दोघींना तीच गोष्ट सांगत. कंपनीत प्रेसचं काम झालं होतं, पहिली शिफ्ट सुटली होती आणि एक फिटर आपलं कुलूप न काढताच गावाकडे निघून गेला. किल्ली त्याच्या खिशात. माल अडला. मोठे साहेब खाली आले आणि म्हणाले, कापा कुलूप. काका म्हणाले, नाही. साहेब म्हणाले, मी सांगतोय. काका म्हणाले, "साहेब, कंपनी तुमची आहे, पण कुलूप त्याचं आहे. तो येऊन सांगेल माझं काम झालं, तेव्हाच ते निघेल." साहेबांनी नोकरीची आठवण करून दिली. काका मशीनपुढं हाताची घडी घालून उभे राहिले. शेवटी कंपनीची जीप खेडच्या बाजूला एका गावच्या जत्रेत गेली आणि त्या फिटरला घेऊन आली. तो डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखला होता. त्यानं सगळ्या साहेब लोकांच्या देखत कुलूप काढलं, "माझं काम झालं" म्हणाला, साहेबांच्या हातावर पेढा ठेवला आणि परत जत्रेला गेला.

"नियम साहेबाच्या रागापेक्षा मोठा असतो," काका म्हणत. काकू निरांजन ओवाळत आणि त्यांच्याकडे बघत. ती गोष्ट त्या किती लक्षपूर्वक ऐकत होत्या ते आम्हाला पुढं कळलं.

मग ते घर पाडून तिथं इमारत उभी करायचं ठरलं. शेजारच्या दोन घरांसह बिल्डरशी करार झाला. इमारत होईपर्यंत काका-काकूंनी आकुर्डीत भाड्यानं राहायचं, मी चाकणला खोली बघितली होती. काका आकुर्डीतला फ्लॅट बघायला गेले तेव्हा वर चढलेच नाहीत. पार्किंग उघड्यावर होतं, तीन बाजूंनी रस्ता, कंपाउंडची भिंत गुडघ्याएवढी. ते तिथं बराच वेळ उभे राहिले, घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "गाडी विकायची."

काकूंनी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला.

"चोरीला गेली तर कुणी नेली ते मरेपर्यंत कळणार नाही," ते म्हणाले. "विकली तर निदान माणसाचं नाव माहीत असेल."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. चोरीच्या भीतीनं गाडी विकणारा माणूस जगात दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. पण काका त्या दिवसापासून जेवताना गप्प असत. काकूही गप्प होत्या, आणि ते मला जास्त काळजीचं वाटलं.

गिऱ्हाईक मिळालं ते पुण्यातले एक हौशी गृहस्थ. त्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या बऱ्याच होत्या, बोलणं गोड, कपड्यांना इस्त्री. शनिवारी सकाळी ते त्यांच्या झकपक गाडीतून आले, मागं गाडी चढवून न्यायचा सपाट ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर. गाडी ताब्यात दिली की सोमवारी कागद करायचे, असं बोलणं झालं होतं.

आम्ही तिघं शेडमध्ये गेलो, गृहस्थ आणि ड्रायव्हर मागोमाग. काकांनी रोटर बसवला. मी वाकून माझं पिवळं कुलूप काढलं. मग काकूंची पाळी.

काकू हलल्या नाहीत.

"काढ," काका म्हणाले.

"न्हाई."

"अगं, लोक आलेत."

"येऊ द्या की. माझं काम व्हायचंय अजून."

ते गृहस्थ हसून म्हणाले, "काकू इमोशनल झाल्यात. नो प्रॉब्लेम, आपण थांबू." ट्रकचा ड्रायव्हर मात्र व्यवहारी होता. त्यानं काकूंकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, ट्रककडे गेला आणि लोखंड कापायची लांब दांड्याची कातरी घेऊन आला. "एका मिनिटाचं काम आहे, काका."

तो गाडीकडे वाकला, आणि काका मध्ये येऊन उभे राहिले. हाताची घडी घालून.

"हात लावायचा नाही."

"अहो, पण तुम्हीच तर विकताय."

"विकतोय. कुलूप तिचं आहे." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. भोसरीतल्या त्या प्रेसपुढं तो असाच निघाला असणार. "त्याला कातरी लावलीत तर ट्रक इथून रिकामा जाईल."

ड्रायव्हर मागं सरकला. काका काकूंकडे वळले. तिथं नवरा-बायको नव्हतेच, फोरमन आणि त्याचा माणूस होता. त्यांनी अगदी रीतसर विचारलं, "काय काम बाकी आहे?"

"म्हायेरी जायाचं. ह्या गाडीतनं," काकू म्हणाल्या. "तुमी कबूल केलेलं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "साहेब, संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल. काम बाकी आहे."

काकूंनी लगेच कुलूप काढलं, मागोमाग काकांनी लाल. साडी त्या सकाळपासून नवीच नेसून बसल्या होत्या, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्यांना गाडीत बसवणं सोपं नव्हतं. गुडघे दुखरे, सीट जमिनीला टेकलेली. मी एका हाताला, कातरीवाला ड्रायव्हर दुसऱ्या हाताला, असं करत आम्ही त्यांना आत सोडलं. काकांनी छप्पर मागं दुमडलं. काकूंनी पदर डोक्यावरून घेऊन कानामागं घट्ट खोचला, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेतला, आणि गाडी फाटकाबाहेर पडली ती थांबलीच नाही. मागं वळून काका ओरडले, "दांडा घेऊन या!"

विकत घेतलेली गाडी डोळ्यांदेखत निघून जाताना बघून ते गृहस्थ अस्वस्थ झाले. आम्ही त्यांच्या गाडीतून मागं निघालो. लोखंडी दांडा आणि खेकडा माझ्या मांडीवर, माझा ड्रेस तेलकट. निगडीपर्यंत दुधी गाडी पुढं दिसत होती. सिग्नलला थांबली की बसमधले लोक खिडकीतून वाकून बघत आणि काकू खालून त्यांच्याकडे मान वर करून बघत. पुढं आमची चुकामूक झाली. फोनमधल्या नकाशानं आम्हाला इंद्रायणीच्या भलत्याच काठाला नेऊन उभं केलं. नदीपलीकडे देऊळ दिसत होतं, गाव दिसत होतं, रस्ता तेवढा नव्हता.

"काका गाडी एकटी सोडणार नाहीत ना?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"शक्यच नाही," मी म्हटलं. "वडापावसुद्धा तिच्यातच बसून खातात."

आम्ही गावात पोचलो तेव्हा त्यांना येऊन तास होऊन गेला होता. गाडी काकूंच्या भावाच्या अंगणात उभी होती. छप्पर उघडं. दांडा माझ्याकडे, कुलपं माझ्याकडे, बॉनेटखाली रोटर जागच्या जागी. म्हणजे त्या गाडीला कसलंही, काहीही बंधन नव्हतं, आणि काका जवळपास कुठंच नव्हते.

गाडीत काकूंची वहिनी बसली होती. स्टिअरिंगवर दोन्ही हात, नाकात नथ, नजर समोरच्या कडब्याच्या गंजीवर. शेजारच्या सीटवर एक म्हातारी डोळे मिटून बसली होती. बाकीच्या चार-पाच बाया आपल्या पाळीची वाट बघत भोवती उभ्या होत्या.

"कोन पायजे?" वहिनींनी आम्हाला जागेवरूनच विचारलं.

"काका कुठं आहेत?"

"जेवत्यात. गाडीपसून लांब व्हा जरा, हात नका लावू."

त्या गृहस्थांनी नुकताच बॉनेटवर ठेवलेला हात काढून घेतला.

मी दारातून आत डोकावले. काका पाटावर बसून चुलीवरची भाकरी आणि वांग्याचं भरीत खात होते, आणि त्यांची पाठ दाराकडे होती. त्या घरात शिरलेल्या कुणालाही ही साधी गोष्ट वाटली असती. मला नाही वाटली. चष्म्याच्या डबीतून इंजिनाचा तुकडा घेऊन लग्नाला जाणारा माणूस गाडीकडे पाठ करून जेवत होता. मेहुणा आग्रह करत होता आणि काका घेत होते.

हात धुऊन ते बाहेर आले. काकू त्यांच्या मागून आल्या, वाऱ्यानं केस विसकटलेले, चेहरा उन्हानं लाल. गृहस्थ पुढं झाले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "काय काकू, झालं ना आता काम?"

काकूंनी माझ्या हातातून दांडा घेतला. वहिनींना जरा सरकायला सांगितलं. दांडा स्टिअरिंगला अडकवला, खेकडा बसवला आणि पहिल्या भोकात आपलं हिरवं कुलूप घालून दाबलं. त्या अंगणात तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "वहिनीला देहूला न्यायचंय. आत्ताच शबूद दिलाय."

"अहो काका," गृहस्थ म्हणाले, "तुम्ही सांगा ना त्यांना काहीतरी."

काकांनी टॉवेलला हात पुसले. एकेक बोट करून, सावकाश. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला हसू म्हणता येणार नाही, पण ते मोठे साहेब त्या दिवशी हजर असते तर त्यांनी ते ओळखलं असतं.

"साहेब," काका म्हणाले, "कुलूप लागलंय. आता माझ्या हातात काही नाही."

"पण गाडी तुमची आहे ना?"

"गाडी माझीच आहे. माणूस काम करत आहे."

"आणि ठेवणार कुठं तुम्ही ही? घर तर पडतंय तुमचं."

"का?" वहिनी गाडीतूनच म्हणाल्या. "आमच्या गोठ्याला काय झालंय?"

काकांनी गोठ्याकडे पाहिलं. दार नव्हतंच. कोंबड्या होत्या, दोन म्हशी होत्या, एक कुत्रं होतं. मग त्यांनी वहिनींकडे आणि भोवती उभ्या असलेल्या त्या बायांकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या पार्किंगला मनापासून पास केलं. कुणी बोलावलं नव्हतं तरी मी पुढं झाले आणि माझं पिवळं कुलूप हिरव्याच्या शेजारी लावलं. त्यानंतर काकांनी लाल लावलं. पहिलं कुलूप काकूंचं होतं, म्हणजे शेवटी काढायचं तेही काकूंनीच. फोरमन बदलला होता आणि जुन्या फोरमनची त्याला हरकत दिसली नाही. ते गृहस्थ भले होते. भरीत-भाकरी खाऊन, पेढा घेऊन, थेरगावला थांबलेला रिकामा ट्रक फोनवरून परत पाठवून निघून गेले.

आता गाडी त्या गोठ्यात असते. खेकड्याला चौथं कुलूपही लागलंय, गुलाबी, वहिनींचं. महिन्या-दीड महिन्यानं शनिवारी काकांचा फोन येतो. "उद्या काम आहे. कुलूप काढायला या." मग मी रविवारची झोप मोडून चाकणहून तिकडे जाते, वाकून पिवळं काढते, काका आणि काकू, नाहीतर काकू आणि वहिनी, धूळ उडवत निघून जातात, आणि मी कोंबड्यांत खाटेवर बसून ते परत यायची वाट बघते. वहिनी आता गाडी चालवायला शिकल्यात, त्यांच्या वेळी काकाही माझ्या शेजारी बसलेले असतात. परत आले की चौघं रांगेनं कुलपं लावतो.

मागच्या खेपेला काका म्हणाले, "तुम्हाला फार लांब पडतं. ते पिवळं आता कायमचं काढून न्या. नियमात बसतं, तुम्ही आता आमच्या घरात राहत नाही."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. गाडीला दोनच सीटा आहेत, आणि इतक्या वर्षांत त्या दोन्हींपैकी एकीवरही मला अजून कुणी बसवलेलं नाही.

"नाही काका," मी म्हटलं. "माझं काम व्हायचंय अजून."